स्मारकाला कुंपण हवं की उंबरठा?

नवी मुंबईतल्या आमच्या नोडमधल्या, म्हणजे उपनगरातल्या, ज्या बागेत मी सकाळी फिरायला जातो, तिच्या कोपऱ्यात एक छोटं स्मारक आहे. चौथरा, त्यावर काळा ग्रॅनाइट, भोवती भाल्याच्या टोकांचं लोखंडी कुंपण आणि कुंपणाच्या फाटकाला कुलूप. तीन वर्षं झाली, मी त्याला रोज सहा फेऱ्या मारतो आणि दगडावर काय कोरलंय ते मला अजून माहीत नाही. कुंपणापासून अक्षरं लागत नाहीत. एकदा वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, चावी ऑफिसात असते. जयंतीला उघडतात." कुणाची जयंती, ते त्यालाही सांगता आलं नाही.

नवी मुंबईत स्मारकांचा विषय पुन्हा निघाला तो विमानतळामुळे. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं आणि त्याला इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं ही जुनी मागणी अधिक जोरात ऐकू येऊ लागली. दि. बां.चं नाव निघालं की इथल्या जुन्या माणसांना जानेवारी १९८४ आठवतो. १६ आणि १७ जानेवारीला उरणजवळच्या जासई परिसरात, शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मागायला रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची योजना पुढे आली ती याच लढ्यातून. गप्पांत हे निघालं की कुणीतरी म्हणतं, "याचं एक छान स्मृती-उद्यान व्हायला पाहिजे." लगेच दुसरा म्हणतो, "उद्यान कशाला? बागेत लोक भेळ खातात."

हा लेख त्या भेळेबद्दल आहे.

बाग अधिक पुतळा म्हणजे स्मृती-उद्यान का नाही

स्मृती-उद्यान म्हणजे अशी मोकळी जागा, जिथे गेलेल्यांची आठवण आणि जिवंत माणसांचा रोजचा वावर ही दोन्ही कामं एकाच रचनेतून होतात. आपल्याकडे बहुतेक वेळा बागेचं कंत्राट वेगळं निघतं आणि पुतळ्याचं वेगळं. मग एकाच चाळीत राहून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या बिऱ्हाडांसारखी ती दोघं शेजारी शेजारी उभी राहतात. पुतळ्याला बागेची गरज नसते आणि बागेला पुतळा अडचणीचा वाटतो.

रचनाकारापुढे पेच असतो तो असा. वर्षातून एक दिवस इथे हजारो माणसं येणार, भाषणं होणार, हार चढणार. उरलेले ३६४ दिवस कुणी यायचं आणि कशासाठी? पहिल्या प्रश्नाचंच उत्तर शोधलं तर लग्नाचा हॉल बांधला जातो, मुहूर्त नसेल तेव्हा भकास. घराचं तसं नसतं. गणपतीत त्याच दोन खोल्यांत मखर बसतं, खाट बाहेर जाते, पन्नास माणसं जेवून जातात आणि विसर्जनानंतर तिथेच पोरं गृहपाठ करतात. स्मृती-उद्यान घराच्या जातीचं असावं लागतं.

आपल्याकडे आठवण कुठे ठेवायचे

ही कल्पना परदेशातून आली असं वाटत असेल, तर आपल्या गावात एक चक्कर मारा. देवळाजवळच्या पाणपोईवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलेलं असतं. नदीचा घाट कुणाच्या तरी नावाने बांधलेला असतो, पिंपळाचा पार कुणीतरी वडिलांच्या मागे बांधून दिलेला असतो. एस.टी. थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकाच्या पाठीवरही नाव असतं. त्या माणसाला ओळखणारं आता कुणी नसेल, पण त्याच्या नावाला टेकून रोज चार माणसं बसतात. आठवण उपयोगाच्या वस्तूला जोडून द्यायची ही आपली जुनी रीत आहे.

त्याहून जुना वीरगळ. लढाईत किंवा गुरं सोडवताना मेलेल्या माणसाचा दगड. खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत झुंज, मधे अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. ठाणं ही शिलाहार राजांची राजधानी होती, त्यामुळे आपल्या आसपास असे दगड आहेत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क नौकांची लढाई कोरलेली आहे. हे दगड वेशीवर, देवळाच्या आवारात, पायवाटेच्या कडेला उभे असायचे. कुणी शेंदूर लावला, पोरांनी त्यांच्यावर चढून उड्या मारल्या. कुलूप कुणी लावलं नाही. गेल्या शंभरेक वर्षांत आपण चौथरा, पुतळा आणि कुंपण ही त्रयी पक्की केली आणि तीच परंपरा आहे असं समजायला लागलो.

वाड्यासारखा नकाशा

कुंपण काढलं तर गांभीर्य कसं राहणार? या प्रश्नाचं उत्तर जुन्या वाड्यात सापडतं. बाहेर अंगण, मग ओसरी, मग माजघर, शेवटी देवघर. अंगणात भाजीवाली येते, पोरं गोट्या खेळतात. ओसरीवर गप्पा चालतात. माजघरात आवाज खाली येतो. देवघरात कुणी सांगितलं नाही तरी माणूस चप्पल घालून शिरत नाही. कुठेही "शांतता राखा" अशी पाटी नसते. प्रत्येक टप्प्यावर उंबरठा असतो आणि तो ओलांडताना पाऊल उचलावं लागतं, म्हणजेच क्षणभर लक्ष द्यावं लागतं.

चांगलं स्मृती-उद्यान असंच टप्प्याटप्प्याने शांत होत जातं. रस्त्यालगत अंगण: भेळ, फुगे, मुलांची घसरगुंडी. आत ओसरी: सावलीचे बाक, पेपर वाचणारे आजोबा. त्याच्या आत माजघर, जिथे वाट अरुंद होते आणि झाडं खाली झुकलेली असतात. सगळ्यात आत नावं.

हे उंबरठे लाकडाचे नसतात, ते वेगवेगळ्या युक्त्यांनी तयार करावे लागतात. पायाखालची जमीन बदलली, पेव्हर ब्लॉक संपून खडबडीत काळा दगड आला, की चाल आपोआप मंदावते. वाटेला एक वळण दिलं, की आतलं दृश्य एकदम दिसत नाही. आणि जमिनीची पातळी बदलता येते. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक या शेवटच्या युक्तीवर उभं आहे. माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीने त्याची रचना केली आणि १९८२मध्ये ते खुलं झालं. तिथे चौथरा नाही. हिरवळीतून वाट हळूहळू खाली उतरते, बाजूची काळी भिंत उंच होत जाते आणि मधोमध ती साधारण १० फूट होते. तोवर शहर मागे पडलेलं असतं. भिंतीवर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत आणि झिलई केलेल्या दगडात बघणाऱ्याचा स्वतःचा चेहरा त्या नावांवर दिसतो. बाकी काही नाही. त्या काळी यावरून फार ओरड झाली होती. 'हा काळा खड्डा आहे' असं म्हणत विरोधकांनी पुतळा मागितला आणि १९८४मध्ये तीन सैनिकांचा पुतळा थोड्या अंतरावर बसवलाही गेला. लोक मात्र फुलं भिंतीशीच ठेवतात.

न्यूयॉर्कमध्ये कोसळलेल्या दोन मनोऱ्यांच्या जागी केलेल्या स्मारकात हेच काम पाणी करतं. मनोऱ्यांच्या पायाच्या जागी दोन चौकोनी खोल कुंडं आहेत आणि चारही बाजूंनी त्यांत पाणी कोसळत राहतं. त्या आवाजात रहदारी बुडून जाते. भोवती झाडं आणि बाक आहेत, आणि जवळपासच्या कचेऱ्यांतले लोक दुपारी तिथून ये-जा करतात.

मळवाट पाहून मग नकाशा

पाय पडून पडून जी आपोआप तयार होते ती मळवाट. शहरातही त्या असतात. नवी मुंबईच्या कुठल्याही सेक्टरात पाहा, हिरवळीचा कोपरा कापून गेलेली मातीची रेघ दिसेल. स्टेशनला लवकर पोचवणारी. नकाशावर नसते, पण सगळ्यांना ठाऊक असते.

स्मारक कुठे ठेवायचं हे या मळवाटेवरून ठरवायला हवं. ते वाटेच्या मधोमध आणलं तर लोक कंटाळून वळसा घालतात. फार लांब कोपऱ्यात टाकलं तर कुणी फिरकत नाही. वाटेवरून दिसेल, दोन पावलं वळलं तर पोचता येईल, पण घाईत असलेल्याला अडवणार नाही, इतकं अंतर बरं. ठाण्याच्या तलावपाळीचं यश याच प्रकारचं आहे. कुणी मुद्दाम मासुंदा तलावाचं दर्शन घ्यायला निघत नाही. स्टेशनहून घरी जाताना, गडकरी रंगायतनला नाटक पाहून बाहेर पडताना, तलाव वाटेत भेटतो.

त्याच ठाण्यात उलट उदाहरणही आहे. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तो तुरुंग अजून वापरात आहे. त्या भिंतीशेजारून रोज किती रिक्षा जातात! तुरुंग उघडा टाकता येणार नाही हे मलाही कळतं. पण भिंतीच्या बाहेरच्या पदपथावर एक वळण, एक झाड, तीन नावं एवढं तर मावेल ना?

नावं कशी लावायची?

वाटतो त्याहून अवघड प्रश्न. अकारविल्हे लावली तर शोधायला सोपं, पण यादी रेशन कार्डाच्या रजिस्टरसारखी दिसते. आडनावं सारखी असली तर आणखीच. आगरी-कोळी पट्ट्यात पाटील, ठाकूर, म्हात्रे, घरत एकाखाली एक आले की कोण कुणाचा ते कळत नाही. माया लिनने नावं मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने लावली, म्हणजे एकाच दिवशी एकत्र पडलेले सोबती एकत्र राहिले. शोधणाऱ्यांसाठी प्रवेशाशी सूची ठेवली. न्यूयॉर्कला त्याही पुढे गेले. कुणाच्या नावाशेजारी कुणाचं नाव हवं हे त्यांनी घरच्यांना विचारलं आणि १,२००च्या आसपास आलेल्या विनंत्या जुळवत २,९८३ नावं मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर पंगतीत कोण कुणाशेजारी बसणार ते आधी विचारलं.

आणि उंची. नाव डोक्याच्या वर गेलं की ते वाचायचं होतं, छातीच्या खाली असलं की त्याला हात लागतो. आठ वर्षांच्या मुलाचं बोट ज्या अक्षरावरून फिरलं, ते अक्षर त्याच्या लक्षात राहायची शक्यता मला तरी जास्त वाटते.

पण मुलांनी तिथे दंगा केला तर?

ही सगळ्यात मोठी हरकत, आणि ती टाळण्यासारखी नाही. बर्लिनमध्ये युरोपातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक २००५मध्ये खुलं झालं. भर शहरात २,७११ काँक्रीटचे ठोकळे, कुंपण नाही. लोक त्यांवर बसून सँडविच खाऊ लागले, पोरं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागली, पुढे सेल्फी आले. पुष्कळांना ते फार लागलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रचनाकार पीटर आयझेनमन यांची भूमिका मात्र अशी होती की ही दफनभूमी नाही, शहराचा भाग आहे, लोक तिथे लोकांसारखेच वागणार.

माझं मत मधलं आहे. बर्लिनमध्ये अंगण आणि देवघर यांच्यात भिंतच नाही. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे, आतले माणसाहून उंच. म्हणजे खोल शिरलं की अंगावर येतं, पण कडेला मात्र बाकच वाटतो आणि बाकावर माणूस बसणारच. खेळायला दुसरी जागा जवळ दिली असती, तर ठोकळ्यांवरचा भार कमी झाला असता. मुलं अनादर करत नाहीत, ती मिळेल त्या उंचवट्यावर चढतात. त्यांना चढायला काहीतरी द्या आणि ते नावांपासून शंभर पावलांवर द्या.

दंग्याइतकाच धोका सजावटीचा असतो, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. जालियनवाला बागेत ज्या अरुंद बोळातून सैनिक आत आले, तो बोळ हीच तिथली सगळ्यात बोलकी गोष्ट होती. २०२१च्या नूतनीकरणात त्याच्या भिंतींवर माणसांची शिल्पं बसवली, आत ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम आला. इतिहासकारांनी टीका केली ती यासाठीच. भेळेने जे झालं नसतं ते चकचकीतपणाने झालं.

रात्री दारुडे येतील, त्याचं काय?

येतील, जर जागा रात्री ओस पडत असेल तर. कुंपण प्रामाणिक माणसालाच बाहेर ठेवतं, बाकीचे उडी मारतात. जागेची खरी राखण करतात ती तिथे सतत असलेली माणसं: सकाळी चालणारे, दुपारी अभ्यासाला बसणारे, रात्री जेवणानंतर शतपावलीला येणारे. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे, याचं महत्त्व इथे कळतं. पुस्तक वाचायला येणारा माणूस ६ डिसेंबरची वाट पाहत नाही.

हद्द दाखवायचीच असेल तर दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा डोळ्यांसमोर आणा. मैदानाभोवती साधारण १.२ किलोमीटरची बुटकी भिंत. ती हद्दही आहे आणि बसायची जागाही. महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, दसऱ्याची सभा होते, क्रिकेटचे डझनभर डाव एकमेकांत मिसळून चालतात, आणि कट्ट्यावर पाठ करून बसलेली मंडळी नकळत पहारा देत असतात. भाल्याच्या टोकांवर कुणी बसू शकत नाही.

नवी मुंबईच्या मातीतलं स्मारक कसं असेल?

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या शहराकडे जे आहे ते वॉशिंग्टनकडे नाही.

१९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन घेऊन शहर वसवायचं ठरलं. त्यातली पुष्कळशी खार जमीन होती, म्हणजे खाडीला बांध घालून भाताखाली आणलेली. त्या बांधाला दार असायचं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, पावसाचं बाहेर सोडायचं. सिडकोने शहर वसवलं तेव्हा सखल भागातलं पावसाचं पाणी भरतीच्या वेळी साठवायला धारण तलाव केले आणि त्यांना भरतीत आपोआप मिटणारी झडपं बसवली. थोडक्यात, शेतकऱ्याची उघाडीच, लोखंडाची. ज्यांची शेतं गेली त्यांचंच शहाणपण शहराला आजही बुडण्यापासून वाचवतंय.

मग १९८४चं स्मृती-उद्यान कुठे असावं? मला विचाराल तर अशा एखाद्या तलावाच्या काठी, जिथे आधीच लोक फिरायला येतात. विजेवर चालणारं कारंजं नको, ते दुसऱ्या वर्षी बंद पडतं आणि त्यात डास होतात. इथे पाणी स्वतःच वर-खाली होतं. काठाच्या पायऱ्यांवर नावं असतील तर पावसाळ्यात पाणी त्यांच्याजवळ येईल, उन्हाळ्यात लांब जाईल. तिवरांना हात लावायचा नाही, हे आलंच. भुजमध्ये २००१च्या भूकंपात गेलेल्यांसाठी भुजिया डोंगरावर स्मृतिवन केलंय, ते २०२२मध्ये खुलं झालं. तिथे पन्नास छोटे बंधारे आहेत आणि त्यांच्याशी गेलेल्यांची नावं. कच्छसारख्या कोरड्या मुलखात नावाशेजारी पाणी साठवणं याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे तसा अर्थ उघाडीला आहे.

झाड निवडतानाही तारीख पाहावी. गुलमोहर लावला तर तो मे महिन्यात फुलणार, स्मृतिदिन जानेवारीत. काटेसावर मात्र जानेवारीच्या सुमाराला पानं गाळून लाल फुलायला लागते. खारवट भरावाच्या जमिनीत झाडं सावकाश धरतात, म्हणून कंत्राटदार लवकर वाढणारं काहीतरी लावून मोकळे होतात. तिथे हट्ट धरावा लागेल. ग्रॅनाइटचंही तसंच. मेमध्ये काळ्या दगडावर हात टेकवत नाही आणि झिलईचा दगड जुलैत घसरतो. पायाखाली खडबडीत दगड, उताराला कठडा आणि आडव्या कोरीव अक्षरांत पाणी साचून शेवाळ धरू नये म्हणून किंचित ढाळ, या गोष्टी शिल्पापेक्षा आधी ठरायला हव्यात.

आणि शेतांची नावं. गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक तुकड्याचं नाव पाठ असतं. आज तिथे सेक्टर आणि प्लॉट नंबर आहेत. बागेतल्या वाटांना ती नावं दिली तर? एखादी मुलगी आईला सांगेल, "मी अमक्या बांधावर भेटते," आणि तिला ती जागा म्हणजे व्हॉलीबॉलच्या जाळीजवळचा बाक एवढंच माहीत असेल. चालेल की. पण ही नावं सांगणारी पिढी सत्तरी-ऐंशीत आहे, त्यामुळे आराखड्याच्या आधी वही-पेन घेऊन गावठाणात जायला हवं.

पुतळा अजिबातच नको का?

असू दे की. माझा विरोध पुतळ्याला नाही, पुतळ्यावर पैसे संपण्याला आहे. उंची वाढली की खर्च वाढतो, क्रेन लागते, आणि बाक, सावली, दिवे, माळी यांच्यासाठी उरत नाही. जमलं तर पुतळा जमिनीच्या पातळीवर आणा. माणसाच्या उंचीचा, शेजारी उभं राहता येईल असा.

आराखडा समोर आला तर काय पाहाल?

महापालिका अशा कामांचे रंगीत नकाशे दाखवते तेव्हा त्यात नेहमी निळं आकाश, फुगा धरलेली एक मुलगी आणि हवेतून उडणारे पांढरे पक्षी असतात. ते सोडून द्या. फाटकं किती आहेत आणि ती मळवाटांना भेटतात का, ते बघा. दुपारी तीन वाजता सावली कुठे पडते ते विचारा. व्हीलचेअर नावांपर्यंत पोचते का? रात्रीचा प्रकाश दगडावर आहे की डोळ्यांत? माळ्याचा पगार कुठल्या खात्यातून आणि किती वर्षं? भेळेची गाडी कुठे उभी राहणार हे नकाशावर नसेल तर ती नेमकी नावांसमोर उभी राहील, म्हणून तिची जागाही आताच आखून घ्या.

शेवटी शौचालय शोधा. स्मृतिदिनाला उरणहून, पनवेलहून जीपने येणाऱ्या म्हाताऱ्या बायका चार-चार तास उन्हात बसतात. मी पाहिलेल्या दोन नकाशांत ते नव्हतंच. तिसऱ्यात होतं, आणि त्यावर लिहिलं होतं, "केवळ मान्यवरांसाठी".